नेपाळला गेलेली शिक्षा

दिवाळीनंतर रजया काढायला पेटी उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासासरशी मी राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगरात, लहानपणच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये जाऊन पोचले. बाबा आणि त्यांचे ऑफिसातले दोन-तीन मित्र मिळून एक लहानशी संस्था चालवायचे. नेपाळमधल्या एका डोंगरी शाळेला मदत पाठवायची, एवढंच तिचं काम. एका रविवारी बैठकीच्या खोलीत जुन्या स्वेटरांचा ढीग पडला होता आणि बाबा खोक्यावर ब्रशने लिहीत होते, 'बाल शिक्षा, नेपाळ'.

मी नुकतीच साताऱ्याहून आले होते, हिंदीचा गंध नव्हता. घाबरून विचारलं, "बाबा, त्या मुलांनी काय केलंय?"

बाबा खो खो हसले. "अगं, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण! जो रोज शाळेत येईल, त्याला स्वेटर."

"आणि जो येणार नाही?"

"त्याला नाही मिळणार."

"थंडी वाजली तरी?"

"हो... तरी."

"मग शिक्षाच की!"

बाबांचा ब्रश तसाच हवेत राहिला. लाल रंगाचा एक थेंब खोक्यावर पडला आणि ओघळत गेला. त्यांनी तो पुसला नाही.

खोका दुसऱ्या दिवशी रवाना झाला. त्यातून नेमकी कुठली शिक्षा नेपाळला गेली, ते मला अजून कळलेलं नाही.