तानूबाईची हनुवटी

आमच्या सांगवीच्या गोकुळ फोटोवाल्याने तानूबाईला एक शब्द दिला होता. फोटो काढायला ती अंगणात खुर्चीवर बसली आणि आधीच म्हणाली, "गोकुळ, हनवटीवरचं गोंदण दिसलं पायजे बरं का. ते नसंल तर माजा फोटू भिताडावर लावायचा न्हाय."

"दिसंल मावशे. एकूण एक ठिपका दिसंल," गोकुळ म्हणाला.

मी तिच्या मागं चादर धरून उभा होतो, म्हणून मला माहीत. तो शब्द पाळताना गोकुळची काय दशा झाली आणि मला माणसांची कशी शिसारी आली, ते सांगतो. मधेच इकडंतिकडं गेलो तर सांभाळून घ्या.

गोकुळ फोटो काढायला शिकला वालचंदनगरला. कंपनीतल्या कामगारांच्या ओळखपत्रांचे फोटो काढायचा. पुढं सांगवीत दुकान टाकलं, फ्लेक्स छापायला लागला, पण त्याचं खरं काम म्हणजे म्हातारी माणसं. आमच्याकडं शहाणं माणूस भिंतीवरचा फोटो जिवंतपणीच काढून ठेवतं. नाहीतर ऐनवेळी घरातली मंडळी लग्नाच्या फोटोतनं म्हातारं कापून काढतात. एका घरात तर आजोबांच्या फ्रेममध्ये कुणाचा तरी जिलबी धरलेला हात आलेला. वर्षानुवर्षं त्या हाताला पण हार पडतोय.

गोकुळ कधी "हसा" म्हणायचा नाही. कॅमेरा लावून विचारायचा, "मग, सुनंनं आज काय भाजी केली?" म्हातारीचं तोंड असं काही जिवंत व्हायचं की बस. तेवढ्यात तो बटण दाबायचा. पंचक्रोशीतल्या भिंतीवरच्या सगळ्या आज्या बघा, आत्ता काहीतरी बोलतील असं वाटतं. त्या सगळ्या सुनेच्या भाजीबद्दलच बोलतायत.

तर हे फोटो साठत गेले. कालव्याच्या ओलीनं जुन्या प्रतींना बुरशी धरली, डिस्का बंद पडायला लागल्या. गोकुळची लेक मोना बारामतीला कॉम्प्युटरच्या कामात आहे. तिनं सगळे फोटो स्कॅन करून क्लाऊडवर चढवले. क्लाऊड म्हणजे इंटरनेटवरची भाड्याची खोली, असं मी समजून घेतलंय. मग तिनं त्या खोलीला एक एआय असिस्टंट जोडून दिला. आपण मराठीत बोलायचं, त्यानं आत जाऊन फोटो शोधायचा, हवा तसा कापायचा, उजळायचा, परत ठेवायचा.

खरं सांगतो, सुरुवातीला मला फार गंमत वाटली. गोकुळ म्हणायचा, "लोणी भापकरचा माणूस, लाल फेटा, शेजारी म्हैस," आणि चहा यायच्या आत माणूस म्हशीसकट हजर. मी रोज जाऊन बसायचो. कोण कोण मेलेली माणसं भेटली मला तिथं!

मग एक दिवस गोकुळ त्या असिस्टंटला म्हणाला, "सगळ्या जुन्या फोटोंवरचे डाग काढ, आणि त्याच जागी ठेव." त्याच्या मनात डाग म्हणजे बुरशी. असिस्टंटनं विचारलं, "चेहऱ्यावरचे डागही काढू का?" गोकुळला वाटलं, तोंडावर बुरशी कशाला ठेवायची? म्हणाला, "काढ की."

आणि त्यानं काढले. देवीचे वण काढले. तीळ काढले. खंडोबाच्या जत्रेतला कपाळावरचा भंडारा पुसला. म्हाताऱ्यांच्या गालावरच्या उन्हाच्या खुणा गेल्या. कातडी कशी, तर सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी. गोकुळनं दोन-चार फोटो उघडून पाहिले, ते नेमके पुरुषांचे. बुरशी गेलेली दिसली, खूश झाला.

पहिलं गिऱ्हाईक आमच्या गावचे पुढारी आप्पासाहेब. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर बोराएवढा मस. लांबनं माणूस ओळखायचा तो मसावरनं. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मसच नाही! मला वाटलं, आता आप्पासाहेब दुकानावर दगड घालतात. कसलं काय. ते फ्लेक्ससमोर उभे राहिले, मान तिरकी करून स्वतःकडं बघत राहिले आणि म्हणाले, "गोकुळ, आता खरा म्या दिसतोय बघ." सत्तरी उलटलेला माणूस! नाकावरचा मस बोटानं चाचपत असं बोलत होता.

वर आणि हुकूम, की खालच्या शुभेच्छुकांची तोंडं पण अशीच करायची. केली. चौकात ते फ्लेक्स लागलं आणि कोण चुलता, कोण पुतण्या, कोण सोसायटीचा चेअरमन, काही कळेना. एकाच कोंबडीनं घातल्यासारखे सगळे ओळीनं मांडलेले. लोक खाली उभे राहून आपापलं तोंड शोधत होते आणि सापडलं की खूश होत होते.

"गोकुळ, हे बघून घास उतरत न्हाय," मी म्हणालो.

"आबा, गिऱ्हाइकाला गोड लागतंय ना? मग तुमी कशाला थुकताय?"

मी चहा संपवून घरी गेलो.

मग तानूबाई गेली. तिचा मुलगा युवराज आला, फ्लेक्स सांगितलं, फ्रेम सांगितली. दुकानातल्या पोरानं असिस्टंटकडनं फोटो शोधून घेतला, युवराजनं मोबाइलवर बघून "भारी" म्हणून सगळीकडं पाठवला. गोकुळ त्या दिवशी दुसरीकडं लग्नाच्या कामावर होता. दशक्रियेच्या आदल्या दिवशी लोणी भापकरहून तानूबाईची धाकटी बहीण चंद्राबाई आली, आणि तडक दुकानात. मी होतोच.

"बघू रं माज्या तानूला," म्हणाली.

गोकुळनं कागद सोडून फ्रेम पुढं धरली. चंद्राबाईनं पदरानं काच पुसली. परत पुसली. मग फ्रेम उलटी करून मागं बघितलं, जसं काही खरी तानूबाई मागल्या बाजूला असेल.

"ही कोन?"

"असं काय करता आक्का? तुमची भैन न्हाय का!"

"आरं ही शिरियलीतली सासू हाय. माजी तानू कुठाय?"

गोकुळनं फ्रेम हातात घेतली आणि पहिल्यांदा नीट बघितली. हनुवटी कोरी. एक ठिपका नाही. त्याच्या तोंडातनं एवढंच आलं, "म्या शब्द दिला हुता तिला."

चंद्राबाई ऐकत नव्हती. ती फ्रेमशी बोलावं तसं बोलत होती. "जत्रंत गोंदलं आमी. म्या धाकटी असून गप बसले, अन् ही पळाली. आयनं पाय धरलं, म्या डोस्कं मांडीवर दाबलं. दोन ठिपकं नीट झालं. तिसऱ्याला हिनं मान हिसडली अन् ठिपका खाली वघळला. जलमभर शिव्या दिल्या मला, तू नीट धरलं न्हाईस म्हून." मग गोकुळकडं वळली. "सोनंनाणं हितंच ऱ्हातंय, लेका. बाईसंगं वर गोंदण तेवढं जातंय. तू तेवढंबी काढून घेतलंस व्हय रं?"

गोकुळ घाईघाईनं असिस्टंटला म्हणाला, "तानूबाईच्या हनुवटीवर गोंदण आण." आलं. तीन ठिपके, पट्टीनं आखल्यासारखे एका ओळीत, बाजूला नाजूक वेल. खाली विचारणा, आणखी नमुने दाखवू का?

"मेल्यावर परत गोंदताय व्हय तिला?" चंद्राबाई किंचाळली. "धरायला म्या पायजे का आता?"

गोकुळनं मोनाला फोन लावला. ती पलीकडून म्हणाली, "बाबा, त्याला नवीन काढायला सांगू नका. आधीची प्रत परत आण म्हणा. जुन्या प्रती मागं राहायची सोय मी चालूच ठेवलीय."

तसं म्हटल्यावर तानूबाई आली. डोळ्याखालच्या सुरकुत्या, गालावरचा तीळ, सुनेच्या भाजीवर काहीतरी तिखट बोलायला उघडलेले ओठ. आणि हनुवटीवर दोन ठिपके शेजारी, तिसरा खाली ओघळलेला. चंद्राबाईनं स्क्रीनवर त्या ओघळलेल्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हां. ह्यो माजा."

त्या असिस्टंटवर माझा राग नाही. डाग काढ म्हटलं, काढले. परत आण म्हटलं, आणलं. विचारलं सुद्धा होतं बिचाऱ्यानं. किळस यायची ती पुढंच होती.

गोकुळनं नवी फ्रेम करून चंद्राबाईच्या हातात दिली. मग असिस्टंटला सांगून सगळ्यांचेच जुने चेहरे परत आणले आणि घराघरांत मोबाइलवर कळवलं, की चूक झाली, तुमच्या माणसाचा खरा फोटो तयार आहे, फ्रेम बदलून न्या. त्याला वाटलं, लोक धावत येतील. उत्तरं मी स्वतः वाचली. एकानं लिहिलं, आजी गोरी झालीय ती राहू दे. एकीनं लिहिलं, नवा फोटो हॉलच्या पडद्यांना शोभतोय. आप्पासाहेबांनी तर धमकी दिली, "मस परत आला तर बघ." देवीच्या साथीतनं वाचलेली म्हातारी, ते वण म्हणजे तिची लढाई, आणि नातू म्हणतो, नको, तोंड खराब दिसतं. त्याच तोंडानं तुझे मुके घेतले ना रे! एकही घर म्हणालं नाही, की आमची होती तशी आम्हाला द्या.

दुसऱ्या दिवशी नीरेच्या घाटावर दशक्रिया. वाटेवरच युवराजचं फ्लेक्स. वर तानूबाई, म्हणजे ती अंडं झालेली, आणि खाली शोकाकुल युवराज, गॉगल घालून, आईपेक्षा मोठा. पोरं त्याच्यापुढं उभी राहून सेल्फी काढत होती. घाटावर पाटावर फोटो मांडला होता, तोही गुळगुळीतच. युवराजनं मोबाइलवरचा दुसरीकडनं छापून आणलेला.

चंद्राबाई पुढं गेली, तो उचलून बाजूला ठेवला आणि आपला मांडला. युवराज धावत आला.

"मावशे, काय चाललंय? पुण्याची पावनी आल्याती. ह्यो कसला फोटू? तोंडावर डाग दिसत्यात."

"डाग? आरं तुला पाजताना ह्येच डाग धरून खेळायचास तू."

"गोकुळ, काढ रं त्यो," दशक्रियेचे फोटो काढायला आलेल्या गोकुळवर युवराज ओरडला. "दोन्ही तुज्याच दुकानातलं न्हवं? मग भांडान कशाला?"

गोकुळ आजवर कुठल्या गिऱ्हाइकाला उलटं बोललेला मी ऐकला नव्हता. तो म्हणाला, "खरा हाय त्यो आक्कानं मांडलाय. तुमी आणलाय ती माझी चूक हाय. माझी चूक आईच्या जागी मांडू नका."

"आसंना का चूक," युवराज म्हणाला. "दिसतीय तर चांगली."

हे वाक्य त्यानं आईच्या पिंडासमोर उभं राहून म्हटलं. आणि भोवतालच्या पाच-पन्नास जणांत एकानंही त्याच्या कानाखाली वाजवली नाही. उलट पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "त्याचंही बरोबर आहे." मी थुंकायला म्हणून बाजूला गेलो, पण नदी होती, गिळलं.

भाचा आपला फोटो परत मांडायला वाकला, तेवढ्यात चंद्राबाईनं स्वतःची फ्रेम उचलून छातीशी धरली.

"ती तुजी आय आसंल, बाबा. ही माजी भैन हाय. हिला म्या नेते."

फुलं गुळगुळीत फोटोला पडली. आम्ही तिघं-चौघं म्हाताऱ्यांनी मात्र चंद्राबाईच्या मांडीवरच्या फ्रेमवर वाहिली, ती खाली बसली होती तिथंच. जेवायला मी थांबलो नाही. गोकुळनं फोटो काढायचं काम अर्धवट टाकलं, मोटरसायकल काढली, चंद्राबाईला मागं बसवलं. तिनं फ्रेम दोघांच्या मधे घट्ट धरली आणि गेली लोणी भापकरला. युवराजनं त्यानंतर गोकुळला काम दिलं नाही, भाऊबंदांनीही नाही.

गोकुळनं मला पुढचं सांगितलं. चंद्राबाईच्या घरी त्यानंच खिळा ठोकायला घेतला. देवाच्या फोटोच्या ओळीत, चांगला उंच, सगळे लावतात तसा. म्हातारी खालून म्हणाली, "एवढा वर नगं रं. खाली घे. हात पुरला पायजे मला."