कावळ्यासमोर दिलेला शब्द

बाबा गेले तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. बनारसला घाटामागच्या गल्ल्यांत ते टपाल वाटायचे. त्या दिवशी सकाळी डाकघरात पत्रं लावता लावता त्यांनी टेबलावर डोकं टेकलं, ते पुन्हा उचललं नाही. मला कॉलेजातून बोलावून घेतलं. मी प्रॅक्टिकलची वही बॅगेत नीट ठेवली, चेन लावली आणि मग निघाले. त्या दिवसातलं सगळ्यांत स्पष्ट आठवतं ते हेच. पुष्कळ वर्षं याचा मला स्वतःचाच राग यायचा. आता तोही येत नाही.

आमचं घर बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर पाय टाकला की हिंदी. काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, भिक्षुकी करतात. बाबांनी ती सोडून टपाल धरलं. काका चिडवायचे, "हाही घरोघरच फिरतो, फक्त दक्षिणा मिळत नाही." बाबा हसायचे. त्यांना ते काम मनापासून आवडायचं. आमच्याकडे घरांचे नंबर ओळीनं नसतात, तेविसाच्या शेजारी एकदम एकाहत्तर. बाबांना नंबर लागायचेच नाहीत. कुणाचा जिना किती उंच, कोण गुडघ्यानं अधू, हे त्यांना पाठ होतं. गल्लीच्या वळणाआधीच ते नावानं हाक मारायचे, म्हणजे म्हातारं माणूस जिना उतरेपर्यंत हे दारात पोचलेले असायचे.

आणि असा दिवसभर चालून आलेला माणूस संध्याकाळी मला सायकलवर बसवून लंका मोहल्ल्यापर्यंत क्लासला सोडायचा. बारावीच्या प्रत्येक पेपराला ते तीन तास शाळेच्या फाटकाशी बसले, अंगात खाकी कपडे. खाकी असली की चौकीदार सावलीत बसू देतो, असं म्हणायचे. मी एकुलती एक. मी युनिव्हर्सिटीतून एम.एस्सी. करावं एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. "तू काहीही कर, ही पिशवी मात्र तुझ्या खांद्यावर नको," हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की मी ते त्यांच्याआधी म्हणून दाखवायचे.

आठव्या दिवशी त्यांचे डाकघरातले एक सोबती फॉर्म घेऊन आले. अनुकंपेवर नोकरी मिळते, पण अर्ज जितका लवकर जाईल तितकं बरं, असं त्यांनी समजावलं. भला माणूस, सुतकाच्या घरात पाणीसुद्धा मागितलं नाही. आई सातवी शिकलेली आणि एका डोळ्यानं जवळजवळ दिसत नसलेली. ती माझ्याकडे बघत राहिली. मी सही केली. आईनंही ना-हरकतीवर केली. काका तेव्हा घरात नव्हते, आणि त्यांना सांगायचं आम्हा दोघींनाही सुचलं नाही. सही करताना मला वाईट वाटलं नाही, बरंही वाटलं नाही. पेन नीट चालत नव्हतं, एवढंच.

दहाव्याला बायका घाटावर जात नाहीत. मी हट्टानं गेले. गुरुजींनी सांगितला तसा काकांनी विधी केला, भाताचा पिंड दगडी ओट्यावर ठेवला आणि आम्ही मागे सरकून कावळ्याची वाट बघू लागलो. कावळा शिवेना. एक नाव आली, तिच्यातल्या लोकांनी आमचे फोटो काढले आणि नाव गेली. एक बकरी आली, तिला काकांनी उपरण्यानं हाकललं. बाबांचे ते सोबतीही आले होते, त्यांना हा प्रकार नवा होता. त्यांनी गुरुजींना हळूच विचारलं, "का हो पंडितजी, कौआ न आई त का होई?" गुरुजींनी सांगितलं की जाणाऱ्याची काही इच्छा राहिली असली तर कावळा शिवत नाही, ती पुरी करू असा शब्द द्यावा लागतो.

काकांनी शब्द दिले. "तिचं लग्न थाटात करीन. तिच्या आईला काही कमी पडू देणार नाही." कावळे समोरच्या सज्ज्यावर बसून होते. मग ते सोबती पुढे झाले आणि हात जोडून पिंडाला म्हणाले, "भइया, तोहार कुल डाक बँट गइल, एक्को चिट्ठी बाकी नाहीं हौ." मला वाटलं, वाटायचं टपालच उरलं नाही म्हटल्यावर आता तरी येईल. नाही आला. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले.

काका माझ्याकडे वळले. "तूच बोल ना काही, बाळ. जल्दी कर, धूप वाढतेय."

बाबांना काय ऐकायचं होतं हे तिथे मला एकटीलाच माहीत होतं. मी म्हटलं, "बाबा, मी टपालात जाणार नाही. एम.एस्सी. करीन." अर्ज आदल्याच दिवशी पोचला होता. तो पोचवणारा माणूस माझ्या शेजारी उभा होता, पण त्याला मराठी कळत नव्हतं.

कावळा लगेच आला. आला, शिवला, वर चोच भरून घेऊनही गेला. काका ढसाढसा रडले. मी ओट्यावर सांडलेली शितं बघत होते. मला वाटलं, कावळ्याला भूक तरी लागली असेल, नाहीतर बाबांना माझं खरं वाटलं असेल. बाबांना माझं सगळंच खरं वाटायचं. क्लास बुडवून मी मैत्रिणींबरोबर अस्सी घाटावर बसायचे तेव्हासुद्धा.

दीड वर्षानं नेमणूक आली. काकांनी अबोला धरला, पेढे खाल्ले नाहीत, पण महिनाभरानं आपणच बोलायला लागले. एम.एस्सी. राहून गेलं. आज मी त्याच गल्ल्यांत टपाल वाटते. पत्रं कसली, बँकेची पाकिटं, आधार कार्डं, कोर्टाच्या नोटिसा आणि पार्सलं. लोक म्हणतात, बिटिया बापावर गेली. मी मान हलवते. काम वाईट नाही. सुरुवातीला वाटायचं की रोज सकाळी पिशवी उचलताना आपण त्यांना एकदा फसवतो. पुढे पुढे तेही वाटेनासं झालं, जसं पायातलं कुरूप दुखायचं थांबतं.

दहाव्याला मी काय बोलले हे आईनं कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. बारा वर्षं झाली. गेल्या आठवड्यात दुपारी टपाल संपवून आले, आई जमिनीवर बसून गवार मोडत होती. एकाच डोळ्यानं दिसतं, म्हणून प्रत्येक शेंग नाकाशी धरून. का कोण जाणे, मी तिला सगळं सांगून टाकलं. खाकी कपडेही बदलले नव्हते.

तिनं शेंगा मोडणं थांबवलं नाही. "माहीत आहे. काकांनी घाटावरून आल्या आल्या सांगितलं होतं."

"मग अर्ज मागे का नाही घ्यायला लावलास?"

"काय खाल्लं असतं आपण?" ती म्हणाली. मग पुढची शेंग नाकाशी धरून म्हणाली, "मीच तुझ्या बाबांना सांगितलं, पोरीला मी पाठवते आहे, बोलायचं ते मला बोला. रोज सांगते. तू घरातून निघालीस की सांगते."

बारा वर्षं मी ज्याला माझं एकटीचं खोटं समजत होते, ते ती रोज सकाळी माझ्या मागे दार लावून स्वतःवर घेत होती. मी तिच्यासमोर बसले. हातात एक शेंग घेतली आणि मला ती मोडता येईना.

"आई, मला बाबा हवेत," मी म्हटलं. बत्तीस वर्षांची बाई मी. हे वाक्य मी त्या दिवसापर्यंत कुणाजवळही बोलले नव्हते.

आईनं ताट बाजूला सरकवलं. "मलापण ग," ती म्हणाली.