साडभाऊंची गाडी आणि माझं पोट

आमच्या साडभाऊंना न उलगडलेलं यंत्र साऱ्या बुलढाणा जिल्ह्यात सापडायचं नाही, आणि आमचे साडभाऊ ज्याला उलगडले असा माणूसही. निदान तो माणूस मी नव्हे. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली त्यांना मिळाली, धाकटी मला, आणि एवढ्या एका धाग्यावर मी गेली कित्येक वर्षं त्यांच्यामागे फरफटत चाललो आहे. ते लोणारचे. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून त्यांची उभी हयात गेली. ते निवृत्त झाले, पण प्रयोगशाळा काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. चहाचं दूध अजून चंचुपात्रानं मोजतात. वरण बिघडलं तर रागावत नाहीत, "मागच्या खेपेपेक्षा यात काय बदललं?" एवढंच विचारतात, आणि आमच्या थोरल्या मेव्हणीबाई म्हणतात की त्यापेक्षा ताट फेकलं असतं तर बरं. 'एका वेळी एकच बदल' हे त्यांचं ब्रीद. लग्नाला जाताना नवा जोडा घातला की टोपी, शर्ट, धोतर सगळं जुनं. का, तर अंगाला काही बोचलंच तर कशानं बोचलं ते नक्की कळावं!

असा हा माणूस एके दिवशी खामगावच्या भंगारातून एक गाडी ओढून घेऊन आला. गाडी कसली, ट्रकच तो. खाली मालवाहू पिकअपची चासी, ट्रकचेच जाडजूड स्प्रिंगचे पाटे, आणि वर दहा माणसं कोंबता येतील असं पत्र्याचं घर. एके काळी अशा गाड्यांतून अख्खी कुटुंबं देवाला जायची आणि उतरताना आपापले हातपाय मोजून घ्यायची. ही मात्र कुणाच्या तरी गोठ्याला टेकून म्हातारी झालेली. मागच्या सीटच्या फोममध्ये कोंबडीनं संसार थाटलेला. डावा दरवाजा बंद केल्यावरही त्यातून रस्ता दिसायचा.

"हे काऊन आणलं?" मी विचारलं.

"बाईले आनाचं हाय," ते म्हणाले, आणि गाडीखाली शिरले.

बाई म्हणजे त्यांच्या मोठ्या बहीण, संग्रामपूरला दिलेल्या. आई लहानपणीच गेली, तेव्हा साडभाऊंना न्हाऊमाखू घालून वाढवलं ते याच मोठ्या बाईंनी. आता बाईंचे गुडघे धरलेले, वय झालेलं, आणि कित्येक वर्षांत त्यांनी लोणारचं तोंड पाहिलेलं नाही. कारण सगळ्या गोताला पाठ होतं: बाईंना गाडी लागते. एसटीत चढायच्या आधी, नुसत्या स्टँडावरच्या वासानं लागते. टीव्हीवर घाट दाखवला तरी त्या पदर तोंडाला लावतात म्हणे. जन्मात एकदाच त्यांना प्रवास सोसला होता, तो लहानपणी बैलगाडीत, मागच्या बाजूला पाय खाली सोडून बसल्या तेव्हा. साडभाऊंनी यावर बरीच वर्षं विचार केला आणि सिद्धांत मांडला की बाईंना प्रवास लागतच नाही. समोरून अंगावर येणारा रस्ता लागतो. तेव्हा मागची सीट उलटी फिरवायची, मागचा दरवाजा कमरेपासून वर उघडा ठेवायचा, आणि बाईंना माहेरी आणायचं.

"अहो, मग चांगली नवी गाडी भाड्यानं करा की."

"नव्या गाडीले मागून कापू देईन का कोनी?" ते गाडीखालून म्हणाले.

प्रयोगाला नमुना लागतो. नमुना मी. साऱ्या गोतावळ्यात ओकारीच्या बाबतीत मोठ्या बाईंच्या खालोखाल माझाच नंबर. बारशाला पाळण्याची दोरी माझ्या हातात दिली तरी मला गरगरतं. "तुम्हाले पचलं म्हन्जे बाईले पचलं," असं म्हणून साडभाऊ दर रविवारी मला माझ्या घरून, मेहकरहून उचलत आणि हिवरा आश्रमाच्या रस्त्यावर फिरवून आणत. हिसके मोजायला मांडीवर पाण्यानं भरलेलं चंचुपात्र, माझं तोंड मागे. एका रविवारी त्यांनी पाट्यांतला एक पाटा कमी केला. मी ओकलो. पुढच्या रविवारी सायलेन्सरचं तोंड बाजूला वळवलं. ओकलो, पण जरा उशिरा. ते खूश झाले. मग फोम काढून गादीत सरकी काढलेला कापूस भरला. मग बाईंच्या गुडघ्यांसाठी खाली घडीचं पायदान लावलं. कुशनवाला तर तीनदा धावत आला, "सर, सीट उलटी बसली हो, माह्याकडून चूक झाली!" आणि तिन्ही वेळा साडभाऊंनी त्याला शाबासकी दिल्यावर तो माझ्याकडे बघत राहिला. मी काय सांगणार? मलाच कुणी काही सांगत नव्हतं.

खरी पंचाईत रस्त्यावर. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या समोरासमोर बसून कोसभर जायचं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. पहिल्यांदा तो हसतो, आपण हसतो. मग तो पुन्हा हसतो. किती वेळ हसायचं? नजर वळवावी तर उद्धटपणा, न वळवावी तर ओळख वाढते. एकानं तर न राहवून ओरडून विचारलंच, "काका, तुम्ही जाऊन राह्यले का येऊन राह्यले?" मी विचारात पडलो. अजून आहे.

एका रविवारी मी, माणूस म्हणून, निघण्याआधी गुपचूप ओकारीची गोळी घेतली. तिनं मला अशी झोप लागली की चंचुपात्र मांडीवर उलटं झालं तरी मी घोरतच होतो. साडभाऊंना वाटलं, जमलं! त्यांनी तिथल्या तिथे गाडी थांबवून बाईंना फोन लावला, "बाई, गाडी झाली, येतो म्या!" त्या आवाजानं मी दचकून उठलो, तेवढ्यात माझ्या खिशातून गोळीचं वेष्टन खाली पडलं. साडभाऊंनी ते उचललं, चष्मा वर करून वाचलं, आणि फोनवर म्हणाले, "बाई, थांब. नमुना खराब निघाला."

माझ्या आयुष्याचं याहून नेमकं वर्णन कुणी केलेलं नाही. पण त्या दिवशी मला फोनमधला बाईंचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "थांबतो ना बाप्पा," त्या म्हणत होत्या, "पन तुह्यी गाडी बनेपर्यंत मी राह्यली त पाह्यजे ना बे!"

त्यानंतर साडभाऊ घाईला आले. 'एका वेळी एकच बदल' हे ब्रीद मोडून त्यांनी एका आठवड्यात रंग, काच, ब्रेक सगळं उरकलं, आणि एका सकाळी आम्ही दोघं खामगावमार्गे संग्रामपूरला जाऊन उभे राहिलो. बाई ओट्यावर तयारच होत्या. इस्त्रीचं लुगडं, शेजारी पिशवी, डब्यात काहीतरी बांधलेलं. त्यांनी काठी टेकत गाडीभोवती एक चक्कर मारली. पायदान पाहिलं, उघडा मागचा दरवाजा पाहिला, उलटी सीट पाहिली.

"हे काय होय?"

"तुह्यी जागा, बाई."

"मी काय वासरू आहो, मागून बांधून न्यायले?" असं म्हणून बाई सरळ पुढच्या दरवाजाकडे गेल्या.

"बाई, समोर बसली त ओकशीन!"

"ओकीन. मंग? पहिल्यांदा ओकून राह्यली का मी?"

साडभाऊंचा चेहरा परीक्षेच्या दिवशी प्रयोगशाळेची किल्ली हरवल्यासारखा झाला. "अवं, ओकारीच्या भेवानंच त येत नव्हती ना तू?"

"असं कोन म्हने? तूच म्हने," बाई म्हणाल्या. "बाबा होते तवर दरसाली घ्यायले येत. ते गेले, मंग कोनी आलं का? मुराळी आल्याबिगर लेक निघते का रे घरून?"

साडभाऊंनी हातातला पाना खिशात घातला. मग म्हणाले, "मंग सांगाचं ना, बाई."

"हे सांगाच लागते का बे?"

मी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. एवढे पाटे काढले, एवढा कापूस भरला, एवढे रविवार मी रस्त्याच्या कडेला वाकून काढले, आणि हवा होता तो फक्त घ्यायला येणारा भाऊ. तो एसटीनंही येऊ शकत होता. म्हणजे मग मी नेमका कशासाठी ओकलो? हा प्रश्न विचारायची ती वेळ नव्हती, म्हणून मी मागच्या उलट्या सीटवर जाऊन बसलो. बाई वरवट बकालला ओकल्या, खामगावला ओकल्या, जानेफळच्या वळणावर पुन्हा ओकल्या. दर वेळी चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं आणि बोलणं जिथे तुटलं होतं तिथून पुढे चालू केलं. मला मात्र लोणार येईपर्यंत एकदाही मळमळलं नाही. प्रयोग पूर्ण यशस्वी झाला होता. फक्त तो भलत्याच माणसावर झाला होता.

बाई लोणारला चांगल्या राहिल्या. गुडघ्यांमुळे तळ्याच्या विवरात उतरवेना, तर काठावर उभ्या राहून खालच्या कमळजा देवीला त्यांनी हात जोडले आणि शेजारी उभ्या साडभाऊंचं डोकंही दाबून वाकवलं. वरण बिघडलं की त्या साडभाऊंना "गप जेव" म्हणत, आणि साडभाऊ गप जेवत. मेव्हणीबाईंनी तर त्यांना कायमचंच ठेवून घ्यायचं ठरवलं होतं. पण परक्या घरची बाई. एक दिवस जायचं म्हणाल्या. साडभाऊ एकटेच पोचवून आले.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी मी सहज लोणारला गेलो, तर हे महाशय पुन्हा गाडीत डोकं खुपसून बसलेले. ॲक्सिलरेटरच्या पट्टीखाली लाकडाचा एक गुटका बसवायचं चाललं होतं, म्हणजे पाय कितीही दाबला तरी गाडी जोरात पळणार नाही.

"आता काय बिघडलं?"

"काई नाही. स्पीड कमी करून राह्यलो."

"काऊन? येताना त चांगली आली होती."

"येतानी ठीकच हाय हो, साडभाऊ," ते वर न बघता म्हणाले. "पोचवून द्यायले गेलो, त संग्रामपूर लईच लवकर आलं."

मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं होतं. ते म्हणाले, "हे जरा धरा." मी गुटका धरला.