कारल्याची भाऊबीज

भाऊबीजेला ओवाळून झालं की बहीण भावाच्या तोंडात लाडू घालते. आमची आक्का माझ्या तोंडात तळलेल्या कारल्याची चकती घालायची. ती नुसती ठेवायची नाही, दोन बोटांनी आत ढकलायची आणि मी चावून गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. "थुकशीन तं पाह्य," असा वर दम. अमरावतीच्या कापूसबाजारात माझी अडत होती, चार लोक मला शेठ म्हणायचे, आणि त्या शेठची घरात ही गत!

आक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिला तेल्हाऱ्याला दिली होती. तिथून अमरावती म्हणजे बैलांच्या दमणीत बसून वाटेत दोन मुक्काम, पण बाई दिवाळीला आणि संक्रांतीला येणार म्हणजे येणारच, आणि येताना बरोबर गाठोडं असणारच. रिकाम्या हाताने कुणाचा उंबरा ओलांडायचा नाही, हा तिचा नेम. आई आमची लवकर गेली, तेव्हापासून मला भरवलं ते आक्कानेच, आणि गोडाधोडाला तिचा हात असा की खाणाऱ्याने ताट सोडू नये. मी गोडघाशा निघालो यात नवल ते काय?

त्या वर्षांत साता समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती आणि तिच्यामुळे वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. ज्याच्या त्याच्या हातात मिठाईचा द्रोण! गाडी विकली, आणा पेढे. बैलजोडी घेतली, आणा जिलबी. मुलगा झाला असेल तर विचारूच नका. हे सगळे द्रोण अडत्याच्या गादीवर यायचे आणि मी कुणाला नाही म्हणायचो नाही. पुढे तहान लागू लागली. तांब्यामागून तांबे रिचवले तरी घसा कोरडाच. अंगरखा अंगावर लोंबू लागला. मी लघवीला बसायचो त्या मोरीत मुंग्यांची रांग लागली तेव्हा वैद्यबुवांनी ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मधुमेह." आमचे बाबा याच दुखण्याने गेले होते. पायाच्या अंगठ्याला एवढासा फोड आला होता, तो काही बरा झाला नाही, आणि तीन महिन्यांत होत्याचं नव्हतं झालं. त्यांचा तो पाय रोज आक्का धूत असे.

वैद्यबुवांनी मला एकट्याला बसवून बजावलं होतं, "साखर, गूळ, मध, उसाचा रस, सगळं बंद." घरी येऊन मी बायकोला सांगितलं, साखर बंद. बाकीचं गिळून टाकलं. तोच निरोप तेल्हाऱ्याला गेला.

आता आम्हा कुणब्यांच्या घरी साखर म्हणजे पाहुण्यांची नाहीतर औषधाची वस्तू. रोजचं गोड म्हणजे गूळ, आणि गुळाला साखर कोण म्हणतो? संक्रांतीला आक्का आली ती तिळगुळाच्या लाडवांचं मडकं मांडीवर धरून. दमणीतून उतरायच्या आधी म्हणाली, "बापू, पाह्य, साखरेचा कन नाई यात. घरचा गूळ हाये. खाय पोटभर." तिच्या तोंडावर असा आनंद होता, जणू भावाच्या दुखण्यावर तिने तोड काढली होती. मी तोंड उघडलं ते लाडवासाठीच.

पंधरा दिवस खात होतो. त्यातच नांदगाव पेठेच्या शिवारात कापूस बघायला गेलो असताना पायात बाभळीचा काटा मोडला. जखम चिघळली, पाय सुजला, ताप चढला. वैद्यबुवांनी पाय पाहिला, कोपऱ्यातलं मडकं पाहिलं आणि संक्रांतीपासून माझ्याकडेच राहिलेल्या आक्कावर कडाडले, "बाई, गूळ आणि साखर एकच. भावाचा जीव नकोसा झालाय का तुम्हाला?" आक्का माझ्या पायाशी बसली. माझा पाय दोन्ही हातांत धरून म्हणाली, "म्याच मारून राहिली होती रे तुले. बाबाचा पाय या हातानं धुतला, तरी मले अक्कल नाई आली."

तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोललो. पाय जाईल की काय या भीतीने मी अर्धमेला झालो होतो, आणि खरं सांगायचं तर वैद्यबुवांचा तो राग माझ्यावर फिरेल याचीही भीती होती. लाज वाटते सांगायला.

दीड महिना ती राहिली. रोज कडुलिंबाच्या पाण्याने जखम धुवायची. पाय वाचला. मग तिने वैद्यबुवांच्या ओसरीवर बसून एकेका पदार्थाची उलटतपासणी घेतली. हे चालते का? ते काहून नाई चालत? किती खावं? बुवा कावले, पण ती उठली नाही. त्या दिवसापासून तिचं गाठोडं बदललं. फुटाणे, जवसाची चटणी, ज्वारीच्या खारोड्या, वाळवलेली मेथी, आवळकाठी, जांभळाच्या बियांची पूड. मी एकदा तोंड वाकडं केलं तर म्हणाली, "देनाऱ्यानं आपली हौस पाहू नाई, खानाऱ्याचं आंग पाहावं."

तिच्या तावडीतून बाजारही सुटला नाही. एक बडा व्यापारी कापूस विकून खूश झाला आणि पेढ्यांचं ताट घेऊन घरी आला. आक्काने ताट हसून घेतलं, बाहेर नेलं आणि त्याच्याच गाडीवानांना वाटून रिकामं परत आणलं. "रागावू नोका दादा," म्हणाली, "त्याच्यावर माया असन तं तुरीच्या शेंगा आना, मी उकडून देतो त्याले." पुढच्या आठवड्यात त्या भल्या माणसाने टोपलीभर हिरव्या शेंगा धाडल्या! आम्ही घरभर सोलत बसलो. इतकी गोडी मला कुठल्या पेढ्यात लागली नव्हती.

पुढे ती लढाई थांबली, कापूस कोसळला आणि पेढेवाले पांगले. आक्काचं गाठोडं मात्र चुकलं नाही. माझ्या घरी ती स्वतःही गोड खात नसे. प्रसादाचा गूळसुद्धा कपाळाला लावून बाजूला ठेवायची. मला वाटायचं, माझ्यासमोर खाणं तिच्या जिवावर येत असेल.

पायाच्या त्या दुखण्यानंतर सोळा वर्षांनी तेल्हाऱ्याहून सांगावा आला, आक्का अंथरुणाला खिळली आहे. मी धावत गेलो. तिची सून दारातच रडत म्हणाली, "मामाजी, दोन दिस झाले, पोटात कायी नाई. शिरा केला तं त्याले शिवत नाई. तुमच्या पायाचं झालं तवापासून त्यायनं गोड सोडलं, माहीत नाई तुमाले? भावाले म्या गूळ चारला म्हनते."

सोळा वर्षं! माझ्या चोरीची शिक्षा ती भोगत होती आणि मी कारल्याच्या नावाने कुरकुरत होतो.

आत जाऊन तिच्या उशाशी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. "आक्का, गुळाचं मला माहीत होतं. वैद्यबुवांनी सांगितलं होतं. मीच लपवलं. तुझा काही दोष नव्हता."

तिने मान माझ्याकडे वळवली. मला वाटलं, आता तोंड फिरवील.

"तुले माहीत होतं?"

"हो."

"अन् म्या सोळा वर्सं पुरनाची पोळी नाई खाल्ली!" तिचे ओठ हलले, ते हसू होतं. "लबाडा! आन तो शिरा."

सूनबाईने वाटी आणून दिली. मी बोटांनी चिमूटभर शिरा तिच्या जिभेवर ठेवला. तिने डोळे मिटले. गालावरून पाणी ओघळलं, तिचं आणि माझंही. दुसरा घास दिला, तिसरा दिला. मग तुपाने माखलेली बोटं कधी माझ्या तोंडाकडे गेली, माझं मलाच कळलं नाही.

मनगट घट्ट धरलं गेलं. त्या हातात एवढा जोर कुठून आला देव जाणे.

"बोटं धू आंदी," आक्का म्हणाली.

मी उठलो आणि मोरीवर जाऊन हात धुतले.