पाकिटावरचा योद्धा

आमच्या अब्बांनी, नबीसाब पेंटरांनी, खेळणं कधी बनवलं नाही. सोलापुरातल्या एका कारखान्यासाठी ते खेळण्यांच्या पाकिटांवरची चित्रं काढायचे. आत धड नाकडोळे नसलेला प्लास्टिकचा सैनिक. बाहेर मात्र आगीतून तलवार उगारून धावणारा मिशाळ योद्धा. गड्ड्याच्या जत्रेत पोरं ते चित्र बघूनच हट्टाला पेटायची.

परवा पुण्याहून ऋतुराज नावाचा संग्राहक आला. घरातलं शेवटचं सीलबंद पाकीट त्याला हवं होतं. फोनवर अब्बा 'खेळणं देतो' म्हणून शब्द देऊन बसले होते. शेवटचं पाकीटही हातचं जाणार म्हणून मला मनातून संताप आला होता.

अब्बांनी पाकीट समोर ठेवलं आणि ब्लेड काढलं.

"काका, फोडू नका," ऋतुराज ताडकन उठला. "मग त्याला काही अर्थ उरणार नाही."

अब्बांनी कडेकडेनं प्लास्टिक कापलं, सैनिक ऋतुराजच्या तळहातावर ठेवला आणि चित्राचा पुठ्ठा छातीशी धरला.

"खेळणं तुमचं. चित्रातली ही माझी बायको हाय. जल्मात फोटो काढू दिला न्हाय तिनं. पण योद्धा पाहिजे म्हटल्यावर लाटणं उगारून उभी राहिली. मिशा तेवढ्या मी काढल्या."