लाखेचं सील

पुराच्या तयारीचं प्रशिक्षण मी चारदा घेतलं. चारही प्रमाणपत्रं कपाटात पडली आहेत. वाळवी लागली तर बरंच होईल.

आमचं आरोग्य केंद्र वणीकडच्या नदीकाठी. पावसाळ्याआधी साहेब तपासणीला येत. म्हणून आमच्या मुख्य सिस्टरताईंनी पत्र्याची पूर-पेटी भरली, कुलूप ठोकलं, वर लाखेचं सील, किल्ली स्वतःच्या पर्समध्ये. पेटी भरलेली दिसावी म्हणून बाळंतपणाच्या खोलीतली, तान्ह्या लेकराला श्वास द्यायची अँबू पिशवीही त्यांनी तिच्यातच टाकली. केंद्रात तेवढी एकच होती. यादी मी लिहिली. माझं अक्षर चांगलं ना.

मग पूर आला. पूल बुडाला, ताई पलीकडे अडकल्या. तांड्यावरून ट्रॅक्टरवर एक बाई आली आणि तासाभरात मोकळी झाली. मुलगी. रडली नाही. पाठ चोळली, तोंड पुसलं, फुंकरा घातल्या, छाती हलेना.

"कुलूप फोडतो मी," सफाईची मावशी म्हणाली.

"थांब न मावशी. सील हाय. ताईले विचारतो."

"लेकरू निळं पडून राह्यलं, अन् तुले सीलाची पडली?"

तरी लेकरू तिच्या हातात देऊन मी व्हरांडाभर रेंज शोधत फिरले. परवानगीसाठी. सांगायला लाज वाटते, पण फिरले. फोन लागलाच नाही. परतले तेव्हा मावशीनं लेकरू माझ्या हातात कोंबलं, सळईनं कुलूप उडवलं. पिशवी मी खूप वेळ दाबली. उशीर झाला होता.

दोन दिवसांनी ताई आल्या. "कुलूप कोणी फोडलं?" हा पहिला प्रश्न. लेकराचं नंतर विचारलं.

मी म्हटलं, "मावशीनं."

मेमो मावशीला मिळाला. मला पाचवं प्रशिक्षण मिळालं असतं, मी गेले नाही.

आता केंद्रात नव्यानं आलेल्या सिस्टर पोरी विचारतात, पुराची तयारी झाली हे ओळखायचं कसं? मी अँबू पिशवी खुंटीवर टांगते आणि त्यांना डोळे मिटून ती हाती घ्यायला लावते. चिडतात माझ्यावर. चिडू देत.

गेल्या महिन्यात तीच बाई आली, पुन्हा दिवस भरलेली. त्या दिवशी ती आमच्यापासून दोन हातांवर पडून सगळं ऐकत होती, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. टेबलावर चढताना तिनं माझं मनगट धरलं.

"आज कोनाले विचाराले नका जाजा, सिस्टर."