उस्मान रस्त्याचे हवालदार

रस्त्याच्या खात्यातल्या एका साहेबांनी हवालदार तुळशीराम मगरे यांना फसवलं. हे मी पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की शेठनं, म्हणजे मी, हळूहळू आमचं मन फिरवलं. मला फसवलं असतं, तर मी त्याच दिवशी टेबलावर मूठ आपटून निकाल लावला असता. माझा जन्म घासाघिशीत गेला. पंक्चरच्या टपरीपासून टायरच्या दुकानापर्यंत मी बोलबोलूनच पोचलो. पण साहेबांनी फसवलं ते अशा माणसाला, ज्यानं उभ्या आयुष्यात कुणाशी घासाघीस केली नाही.

औरंगाबादहून बीडकडे निघालं की शहागडच्या अलीकडे एक ओढा लागतो. त्या ओढ्यावरच्या लहानशा पुलाशी रोज सकाळी एक उंच, ताठ माणूस उभा असायचा. अंगात इस्त्रीचा खाकी सदरा, खाली पांढरं धोतर, पायात लष्करी बूट. बीडच्या बाजूनं एस.टी. आली की तो टाच जुळवून कडक सलाम ठोकायचा आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडायचा, "उस्मान रस्ता!" नवख्या प्रवाशांना वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. ड्रायव्हर मात्र दोन वेळा हॉर्न वाजवून पुढे जायचा. हेच आमचे हवालदार.

आमची ओळख भांडणातून झाली. एकाहत्तरच्या लढाईनंतर ते पेन्शनीत निघून गावी आले होते. एके दिवशी सायकलची ट्यूब घ्यायला माझ्या दुकानात आले. मी नेहमीप्रमाणे वाढवून भाव सांगितला. गिऱ्हाईक निम्म्यावर आणतं, मी कुरकुरतो, मधे कुठंतरी जुळतं, अशी आमच्याकडची रीत. या गृहस्थानं सांगितला तेवढा पैसा मोजून गल्ल्यावर ठेवला आणि ट्यूब उचलून चालू पडला. मला असा अपमान कधी वाटला नव्हता. मी रस्त्यावर धावत गेलो.

"ओ पावणं! भाव तरी करा!"

"तुम्ही भाव सांगितला, मी दिला."

"अहो, तो खरा भाव न्हाई!"

ते थांबले. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मंग खोटा कशाला सांगितला? आसं करा शेठ, खोटं बोलून झालं की सांगा. म्या उद्या येतो."

मी रागानं लाल झालो, जादाचे पैसे त्यांच्या खिशात कोंबले, आणि चहा मागवला. त्या दिवसापासून माझ्या दुकानापुढच्या बाकड्याचं एक टोक त्यांचं झालं. ते तिथं बसलेले असले की मला भाव वाढवून सांगताना अडखळायला व्हायचं. ट्रकवाल्याला मी काही सांगू लागलो की बाकड्यावरून आवाज यायचा, "बिलकुल खरं का, शेठ?" धंद्याचं वाटोळं करणारा एवढा चांगला मित्र मला दुसरा मिळाला नाही.

लढाईबद्दल ते बोलत नसत. विचारलं तर म्हणायचे, "तिथं गेल्तो, परत आलो. ज्यांला येता न्हाई आलं त्यांचं विचारा." असे न आलेले दोघं होते, दोघंही आमच्या या रस्त्यावरचे. वडीगोद्रीच्या पुढच्या वाडीतला अंबादास गाढे आणि शहागडचा शेख उस्मान. दोघंही हवालदारांच्या तुकडीत होते. उस्मान मशीनगन धरून शेवटपर्यंत बसला, म्हणून बाकीचे मागे येऊ शकले. तो जखमी झाल्यावर अंबादास त्याला आणायला उलटा गेला, आणि दोघंही तिथंच राहिले. सरकारनं अंबादासला वीरचक्र दिलं, उस्मानला सेना पदक.

परत आल्यावर हवालदारांनी दोघांच्या घरी जाऊन शब्द दिला होता, की ज्या रस्त्यानं ही पोरं फौजेत गेली त्या रस्त्याला त्यांची नावं लागतील आणि येणारा-जाणारा ती वाचेल. शब्द दिल्यावर त्यांना दुसरं काही सुचेना. ते सायकलवरून कचेरीच्या खेपा घालू लागले. प्रत्येक वेळी कोणी म्हणे वरून मंजुरी पाहिजे, कोणी म्हणे साहेब फिरतीवर आहेत. हवालदार हे सगळं खरं मानून परत येत. शेवटी मला राहवेना. मी म्हटलं, "चला, पुढच्या खेपेला मी येतो. आजवर तुम्ही मागत होतात, आता सौदा करू."

साहेब स्वभावानं वाईट नव्हते. गोल चेहरा, पानाचा शौक, बोलण्यात साखर. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा सांगितला आणि म्हणाले, "मगरे, रस्त्याला सरकारी नाव देणं माझ्या हातात नाही. पण पुलाशेजारी नावाचा दगड बसवायला माझी परवानगी पुरे. तुम्ही दगड आणा, माझी माणसं बसवतील. फक्त एक करा. नाव एकच घाला. वीरचक्रवाल्याचं. मोठं पदक त्याचं आहे ना?"

हवालदार ताडकन उभे राहिले. "पदकं वाटणारे दिल्लीला व्हते, साहेब. म्या तिथं व्हतो. एक दुसऱ्यासाठी मेला. आता कोणाचं मोठं म्हणू?"

"पण एका रस्त्याला दोन नावं कशी असतील? लोकांचा घोटाळा होईल."

हवालदारांनी टोपी घातली आणि दाराकडे वळले. सौदा हातचा चालला होता. मी त्यांचा सदरा मागून धरला आणि साहेबांना विचारलं, "साहेब, तुम्ही घरून निघता तवा वहिनीसाहेब काय विचारतात?"

"कुठं चाललात, विचारतात."

"आन परत आल्यावर?"

"कुठून आलात."

"रस्ता तोच ना? मंग जाताना त्याला एक नाव आन येताना दुसरं, यात कसला घोटाळा? दगडाला दोन तोंडं करू. औरंगाबादकडून येणारा अंबादासचं नाव वाचील, बीडकडून येणारा उस्मानचं. कोणाही माणसाला एका वेळी एकच नाव वाचायचं. तुमचं एका नावाचं बी राहिलं, आमचं दोघांचं बी."

साहेबांना पानाचा ठसका लागेपर्यंत हसू आलं. "शेठ, तुम्ही आमच्या खात्यात यायला पाहिजे होतं," असं म्हणून त्यांनी होकार दिला. मी पायरीवरून उड्या मारतच उतरलो. असा सौदा मी टायरमध्येसुद्धा कधी केला नव्हता. पण हवालदार सायकलवर बसेनात. सायकल हातात धरून अर्धा रस्ता चालत गेल्यावर म्हणाले, "शेठ, तुम्ही त्या दोन पोरायची वाटणी करून टाकली."

"वाटणी कुठं केली? पाठीला पाठ लावून उभं केलं."

ते एकदम थांबले. सायकल कडेच्या बाभळीला टेकवली. मग म्हणाले, "खंदकात तसेच बसायचे. थंडीचं. पाठीला पाठ लावून. एक झोपला की दुसरा जागा." त्यानंतर गावापर्यंत त्यांनी मला जे कौतुकानं ऐकवलं, ते इथं लिहीत नाही. मी स्वतःची स्तुती करतो असं लोक आधीच म्हणतात.

काळा दगड मी माझ्या टेंपोतून आणला. पाथरवटाशी अक्षरांवरून घासाघीस करू लागलो, तर हवालदारांनी मला तिथून हाकललं. "या कामात सूट मागायची न्हाई. नावं कोणी पडत्या भावात घेतं का?" मग ते पाथरवटापुढे उकिडवे बसून राहिले आणि दोन्ही बाजूंची अक्षरं सारख्याच उंचीची झाली का, हे सुतळीनं मोजून बघत राहिले.

दगड खात्याच्या माणसांनी नेला, आणि समारंभाच्या आदल्या दिवशी बसवलाही. आम्ही कुणी बघायला गेलो नाही, कारण वर कापड झाकलेलं होतं आणि साहेबांचा शब्द होता. घासाघीस करणारा माणूस माल बघितल्याशिवाय सोडत नाही. पण त्या आठवड्यात हवालदारांच्या संगतीनं मीही भला माणूस झालो होतो.

समारंभाला अख्खं शहागड आलं. अंबादासचे वडील हार घेऊन आले. उस्मानची आई हमीदाबी आली. बाजारात बांगड्या विकणारी, ठेंगणी, हसऱ्या तोंडाची बाई. साहेबांनी कापड ओढलं. टाळ्या वाजल्या. अंबादासचं नाव उन्हात चकाकलं. हमीदाबीला वाचता येत नव्हतं, पण आपलं पोरगं मागच्या बाजूला आहे हे तिला पाठ होतं. ती पदर सावरत दगडाला वळसा घालायला गेली आणि तिथंच थांबली. मागे जागाच नव्हती. दगडाची पाठ पुलाच्या कठड्याच्या खांबाला भिडवून वर सिमेंट भरलं होतं. ती त्या सिमेंटवर हात फिरवत म्हणाली, "हवालदार, मेरे बच्चे का नाम किधर है?"

मी साहेबांच्या अंगावर धावून गेलो. ते रुमालानं मान पुसत म्हणाले, "अहो, मजबुतीसाठी टेकवलाय. पुढच्या दुरुस्तीच्या वेळी सोडवून दोन्ही तोंडं मोकळी राहतील असा फिरवून देतो. माझा शब्द." अंबादासच्या वडिलांना हे काही पटलं नाही. त्यांनी हातातला हार नावावर घातलाच नाही. दगडाच्या माथ्यावरून असा सोडला की अर्धा पुढे आणि अर्धा मागच्या खांबावर पडला. म्हणाले, "तिकडं बी पोचू द्या."

हवालदारांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पडलेला पाहिला. एवढ्यात शहागडकडून, म्हणजे बीडच्या बाजूनं, एस.टी. आली. हवालदार गर्दीतून बाहेर पडले, पुलाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले, टाच आपटून सलाम केला आणि परेडवरच्या आवाजात ओरडले, "उस्मान रस्ता! शहीद शेख उस्मान रस्ता!" ड्रायव्हरनं घाबरून ब्रेक दाबला. कंडक्टर दारातून डोकं काढून विचारतो, "काय झालं हो?"

"काही न्हाई. पाटी उलटी लागली. ती सुलटी होईस्तोवर पाटीच्या जागी म्या हाय. गाडी जाऊ द्या!"

सगळ्यांत आधी हमीदाबी हसली. मग सगळा जमाव हसला. साहेबही हसले, आणि तेच मला आजवर सहन होत नाही.

मी पहार घेऊन दगड उपटायला निघालो होतो. हवालदारांनी पहार काढून घेतली. "आपण फिरवला तं ती चोरी व्हईल. ज्यानं बसवला त्यानंच यायचं, दिवसाढवळ्या, आन फिरवायचा. शब्द दिलाय त्यानं."

"त्याच्या शब्दाला काय भाव हाय?"

"भाव तुम्ही बघा. म्या शब्द बघतो."

तेव्हापासून ते रोज सकाळी पुलावर. एस.टी.वाल्यांना आधी मजा वाटली, मग सवय झाली, मग ते स्वतःच म्हणू लागले. शहागड सोडलं की कंडक्टर पुकारायचा, "उस्मान रस्ता आला, पुढं सरका!" मीही हातभार लावला. माझ्या दुकानात कोणी भाव पाडायला लागला की मी विचारायचो, "कोणत्या रस्त्यानं आलास?" बीडकडून आलेल्यानं "उस्मान रस्त्यानं" म्हटल्याशिवाय मी घासाघीस सुरूच करत नसे, आणि औरंगाबादकडून आलेल्यानं अंबादासचं नाव घेतल्याशिवायही नाही. पंजाबी ट्रकवाल्यांनी हे नियम सगळ्यांत आधी पाठ केले. हवालदार बाकड्यावरून म्हणायचे, "शेठ, आज पहिल्यांदा तुमच्या लबाडीचा फायदा झाला."

एकदा हमीदाबी शहागडहून माल घेऊन वडीगोद्रीच्या बाजाराला निघाली होती. कंडक्टरनं पुकारा केला, तशी ती सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, "वो मेरा बेटा है." कंडक्टरनं तिला पुढची खिडकीची जागा दिली. पुलापाशी हवालदारांनी सलाम ठोकला, तेव्हा तिनं खिडकीतून बांगड्यांनी भरलेला हात बाहेर काढून त्यांना उलटा सलाम केला. दुकानात येऊन ही हकिकत सांगताना हवालदार इतके हसले की त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. म्हणाले, "फौजेत बी आसा सलाम भेटला न्हाई, शेठ."

रस्त्याची दुरुस्ती झाली. दोन वेळा झाली. डांबर आलं, रोलर आले, कठड्याला चुना लागला. दगड कोणी हलवला नाही. प्रत्येक वेळी हवालदार सायकलवरून साहेबांकडे जाऊन आठवण देत आणि साहेब प्रत्येक वेळी चहा पाजत. मी चिडलो की हवालदार म्हणायचे, "चहा बराबर असतो त्यांचा. कामाला जरा जल्दी न्हाई, एवढंच."

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत कफ भरला. मी भेटायला गेलो तर अंथरुणावरही खाकी सदरा घातलेला. आवाज बसला होता, तरी तक्रार एकच, की सकाळच्या गाडीला कोण बोलेल. मी म्हटलं, "मी बोलतो."

"तुम्ही? तुम्ही अर्ध्यातच भांडाल कोणाशी तरी."

मग जवळ बोलावून म्हणाले, "शेठ, जल्मभर म्या भाव केला न्हाई. आता एक सौदा तुमच्यावर सोपवून चाललो. साहेबाचा शब्द वसूल करा. बिलकुल सूट देऊ नका."

ते गेले त्या सकाळी मी पुलावर उभा होतो. माझा आवाज चिरका आहे आणि सलाम मला नीट जमत नाही. ड्रायव्हरनं तरीही दोन वेळा हॉर्न वाजवला. तेव्हापासून सकाळची पाळी माझी आहे. दुकान उशिरा उघडतं, गिऱ्हाईक शिव्या देतं. देऊ द्या.

साहेब, आपण आता मोठ्या खुर्चीवर बसला आहात असं कळतं. आपण शब्द दिला तेव्हा मी समोर होतो, अख्खं शहागड समोर होतं. तो दगड खांबाला टेकवायला कोणी सांगितलं, हे नाव घेऊन सांगा. आणि तो फिरवायला आपण कोणत्या दिवशी येता, तेही सांगा. मी पुलावरच आहे. हमीदाबी जिवंत आहे, आणि आपला हात धरून तिला दगडाच्या त्या बाजूला आपणच न्यायचं आहे.